पूर्वेची बिजागरी

तुकिजान सुतार सकाळी सातलाच मागच्या दाराने आला. सुतार मागच्या दाराने आला म्हणजे बातमी वाईट, हे मुंतामाहला पंचेचाळीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं. चांगली बातमी आणणारा पुढून येतो आणि कॉफी मिळेपर्यंत हलत नाही.

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. कार्सिदीनला जाऊन आज हजार दिवस झाले होते. तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, सगळं रीतसर पार पडलं होतं, आणि आजचं हे शेवटचं. उजाडताच कबरीवर दगड बसवून झाला होता. आता दुपार कलताना, असरच्या नमाजानंतर, शेजारचे पुरुष पुढच्या ओसरीवर बसणार, मशिदीचा मोदिन दुआ मागणार, आणि कार्सिदीनचा जीव या घराचा कायमचा निरोप घेणार. शेजारणी तांदळाचे आपेम भाजत होत्या, अख्ख्या कोंबड्या नारळाच्या दुधात शिजत होत्या, आणि त्या वाफेत तुकिजान टोपी हातात घेऊन उभा होता.

"कुंतारी कुठाय, माक?"

"मागे असेल. भट्टीच्या छपरात झाडतेय. का रे?"

तुकिजानने खिशातून एक पितळी बिजागरी काढली आणि उगाच उघडमीट करून दाखवली. "मशिदीच्या दक्षिणेची तिन्ही दारं काल लोण्यासारखी बसली. उत्तरेची तिन्ही बसत नाहीत. नऊच्या नऊ बिजागऱ्या उलट्या हाताच्या आल्यात."

मुंतामाहने झारा खाली ठेवला. खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते 'सुटलो' असंच. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

कारण काय ठरलं होतं, ते घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. थोरला वार्सितो मोठ्या रस्त्यावर दुकान चालवत होता, बाहेरून आलेल्या तयार लोखंडी बिजागऱ्या विकत होता, आणि त्याला मागच्या अंगणातली बापाची भट्टी मोडून तिथे माल ठेवायची खोली हवी होती. धाकटी कुंतारी सहा वर्षांपूर्वी मोडलेला संसार मागे टाकून घरी आली. तेव्हापासून बापाच्या हाताखाली आणि बापानंतर एकटीने ती भट्टी चालवत होती. दोघांचं भांडण विकोपाला गेलं तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या जेवणाला मध्यस्थी झाली. मशिदीची सहा नवी दारं हजाराव्या दिवसापर्यंत कुंतारीच्या पितळेवर टांगली गेली तर भट्टी तिची. नाही गेली तर भट्टी बंद. जे होईल ते मोदिन जेवणाआधी सगळ्यांसमोर बोलून दाखवणार. आमच्या जुवाना गावात मोदिनच्या तोंडून चार शेजाऱ्यांसमोर निघालेला शब्द कोणी मागे घेत नाही.

आणि मुंतामाह? ती वरवर कोणाचीच बाजू घेत नव्हती, पण गेल्या महिन्यात तिने वार्सितोला हळूच सांगितलं होतं, "बंदच कर बाबा ती. तुझ्या बापाची छाती त्या धुरानेच गेली. हिची नको जायला."

*

मागच्या छपरात कुंतारीने बिजागरी हातात घेतली, उलटसुलट केली आणि तशीच मटकन वाळूच्या ढिगावर बसली. तुकिजानला काही समजावून सांगावंच लागलं नाही.

चूक कशी झाली ते सांगितलं तर बाहेरचा माणूस हसेल. आमच्याकडे डावं-उजवं कोणी म्हणत नाही. ताटावर बसलेला माणूससुद्धा "मीठ तुझ्या पश्चिमेला आहे, जरा सरकव" असंच म्हणतो. तेव्हा कार्सिदीनच्या बापानेही बिजागरीच्या फर्म्यांवर 'पूर्व' आणि 'पश्चिम' अशाच खुणा कोरल्या होत्या. एक फर्मा पूर्वेच्या चौकटीवर टांगायच्या पल्ल्याचा, एक पश्चिमेच्या. गावातली यच्चयावत घरं दक्षिणेला तोंड करून बसलेली, त्यामुळे तीन पिढ्या कोणाचं काही चुकलं नाही. पण मशिदीला दारं दोन्ही अंगांना. दक्षिणेचं दार पूर्वेच्या चौकटीवर टांगलं आणि समोरचं उत्तरेचंही पूर्वेच्याच चौकटीवर टांगलं, तर दोन्हींच्या बिजागऱ्या माणसाच्या दोन तळहातांसारख्या एकमेकींच्या उलट लागतात. कुंतारीने अठराच्या अठरा 'पूर्व' फर्म्यावर ओतल्या होत्या.

"उलटी धरून नाही का बसत?" म्हाताऱ्या सार्पानने विचारलं. तो कार्सिदीनचा जुना ओतारी, घरातल्या पोरांचा पाकलिक, म्हणजे काका. त्याचा एक डोळा मोतीबिंदूने गेला होता, आणि चष्म्याची एक काडी बिजागरी तुटल्यामुळे सुतळीने बांधलेली होती. जन्मभर बिजागऱ्या ओतणाऱ्याच्या चष्म्याला बिजागरी नसावी, यावरून अख्खी आळी त्याला छळायची.

"उलटी धरली तर खुंटी खाली तोंड करते, पाकलिक," कुंतारी म्हणाली. "पल्ला उचलला की निसटून नमाज्याच्या पायावर. आणि पाठ पुढे करून लावली तर स्क्रूची भोकं उलटी आणि नक्षीचं फूल भिंतीकडे."

"मग पश्चिमेच्या फर्म्यावर नव्या ओतू."

"आज?"

सार्पानने थंड भट्टीकडे बघितलं. आज पाहिंगचा वार होता. पाच दिवसांनी फिरून येणारा, कार्सिदीन गेला तोच वार. तो गेल्यापासून दर पाहिंगला या छपरात भट्टी थंड असायची. विस्तव नाही, हातोडा नाही. तो नियम सार्पाननेच घातला होता आणि हजार दिवसांत एकदाही मोडला नव्हता.

*

वार्सितोची गाडी आली तेव्हा अंगणात एव्हाना सगळे जमले होते. मागे फळांच्या टोपल्या, पुढे त्याची बायको रिस्मी, मांडीवर केळीच्या पानांचा भारा. तुकिजानने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. वार्सितोने बिजागरी घेऊन पाहिली आणि तोंडावर काहीच दिसू दिलं नाही.

"जाऊ दे," तो म्हणाला. "कांग तुकिजान, माझ्या दुकानातून नऊ लोखंडी घेऊन जा. काळा रंग मारलेल्या. तासाभरात दारं उभी राहतील."

"दक्षिणेला पितळ आणि उत्तरेला लोखंड?" सार्पान फिस्कारला. "एका पायात चप्पल, एका पायात खडावा!"

"पाकलिक, नमाज दारापाशी नाही होत, आत होते."

"आणि आपलं ठरलेलं?" कुंतारीने विचारलं.

"ठरलं होतं सहा दारं तुझ्या पितळेवर. सहा नाहीत, तीन आहेत." वार्सितोचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला, आणि कुंतारीला तेच जास्त लागलं. "तारी, मी तुझा वैरी नाही. दुकानात ये. गल्ला सांभाळ. पंख्याखाली बसशील."

"म्हणजे मी भट्टीतून उठून तुझ्या गल्ल्यावर बसायचं."

"त्यात कमीपणा काय आहे? सगळ्या गावापुढे शोभा होण्यापेक्षा बरं! दोष तुला एकटीला कोण देतंय? सुताराने आधी बघायला हवं होतं. पाकलिकच्या डोळ्यांचं तर विचारूच नको."

"माझ्या डोळ्यांवर जाऊ नकोस," सार्पान गरजला. "सुताराने माप कसं घेतलं ते विचार!"

"माझ्या मापाला नाव ठेवताय?" तुकिजानही पेटला. "तुमचे फर्मेच..."

"थांबा," कुंतारी म्हणाली. ती ओरडली नव्हती, पण सगळे थांबले. "चूक माझी आहे. कांग तुकिजानची नाही, पाकलिकची नाही. फर्मा मी निवडला. मशिदीत जाऊन पल्ला चौकटीला लावून बघायला हवा होता. दोनशे पावलांवर मशीद आहे, मी गेले नाही. चूक माझी."

मुंतामाह स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ओढणीने कपाळ पुसलं आणि तशीच उभी राहिली.

तिला एकदम तिची लग्नातली पेटी आठवली. तिची बिजागरी कार्सिदीनने स्वतः बसवली होती, आणि वर्षाच्या आत झाकण निखळून तिच्या बोटांवर पडलं होतं. नख काळं पडलं. कार्सिदीन काय म्हणाला होता? "लाकूडच हलकं निघालं." पुढे वार्सितोने खुराड्याचं दार मोडलं तेव्हा दहा वर्षांचं ते पोर म्हणालं होतं, "कोंबडीने मोडलं." बापाने ऐकलं आणि कोंबडीलाच शिव्या घातल्या. गेली पंचेचाळीस वर्षं या घरात चूक नेहमी लाकडाची, कोंबडीची, नाहीतर हवेची असायची. आणि आज तिची मुलगी भर अंगणात, सगळं हातातून जात असताना, दोनदा म्हणाली होती की चूक माझी.

"रिस्मी," वार्सितो वळून म्हणाला, "दुकानाची किल्ली दे कांग तुकिजानला."

रिस्मीने किल्ली काढली नाही. ती पानांचा भारा मांडीवर तसाच धरून गाडीतच बसली होती.

"कांग तुकिजान," ती म्हणाली, "तुम्ही मशिदीच्या दारांचं यांना सांगायला दुकानात आला होतात, तेव्हा मी गल्ल्यावर होते. तुम्ही काय म्हणाला होतात?"

तुकिजानने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "आता ते कशाला, म्बाक..."

"सांगा ना. मला आठवतंय. तुम्हाला आठवतंय का बघू."

"म्हणालो होतो," तुकिजान जमिनीकडे बघत म्हणाला, "सहाही पूर्वेच्या चौकटीवर. पण कुंतारीला सांगा, उत्तरेच्या तीन उलट्या हाताच्या लागतील."

सगळ्यांचे डोळे वार्सितोकडे वळले.

"हे उत्तरेचं मला कोणी सांगितलं नाही," कुंतारी हळूच म्हणाली.

वार्सितोचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "तू कोणाच्या बाजूने आहेस?" त्याने बायकोला विचारलं.

"तुमच्याच," रिस्मी म्हणाली. "दर पावसाळ्यानंतर गिऱ्हाईक गंजलेली बिजागरी माझ्या तोंडावर आपटतं, तुमच्या नाही. तुम्ही तेव्हा मागे चहा पीत असता. बंदराचं गाव आहे, वारा खारा आहे, आपलं लोखंड वर्षभर टिकत नाही. काल एक नाववाला म्हणाला, तुझ्या सासऱ्याची बिजागरी माझ्या होडीच्या झाकणावर वीस वर्षं आहे, ती देतेस का? मी काय उत्तर देऊ? आज बोलले नाही तर जन्मभर गप्प बसावं लागेल, म्हणून बोलले. घरी गेल्यावर रागवा."

"तरीपण मी जाऊन बघायला हवं होतं," कुंतारी म्हणाली.

मुंतामाह पायरी उतरून अंगणात आली. म्हातारी तशी बुटकी, पण तिला वाट करून द्यायला तुकिजान दोन पावलं मागे सरकला.

"सार्पान, भट्टी पेटव."

"आज पाहिंग आहे, वहिनी," सार्पान दचकून म्हणाला. "हजार दिवस पाळलंय. आज त्याची पाठवणी..."

"पाठवणी आहे म्हणूनच. हजार दिवस हा माणूस या घराभोवती घुटमळतोय, आणि पाहिंग आला की थंड भट्टी बघतोय. आज कायमचा निघाला. जाताना धूर बघून जाऊ दे त्याला. पाप लागलं तर मला लागू दे, मी त्याला तिकडे गेल्यावर सांगेन काय सांगायचं ते."

"माक, तुम्हीच तर म्हणाला होतात..." वार्सितोने तोंड उघडलं.

"म्हणाले होते. चूक झाली माझी." मुंतामाहने हा शब्द पहिल्यांदाच जिभेवर घेतला होता, आणि तिला वाटलं होतं तितका तो कडू नव्हता. "तारी, पण एक ऐक. छपराला वर धुराडं काढायचं. उंच. आणि तोंडाला फडकं बांधल्याशिवाय मूस उचलायची नाही. नाहीतर मीच येऊन पाणी ओतेन भट्टीवर."

*

काम करणारी पोरं आज सुट्टीवर होती. कुंतारीने वाळू चाळली, 'पश्चिम' फर्मा भिंतीवरून काढून फुंकला आणि एकामागून एक साचे भरायला घेतले. सार्पानने भट्टी पेटवली. चुकलेल्या नऊ बिजागऱ्या मुशीत गेल्या, वरून थोडी जुनी मोड. पंखा घरघरायला लागला आणि छपरातून पहिला काळा धूर निघाला, तशा शेजारणी आपेम सोडून बघायला आल्या.

अडलं ते मूस उचलण्यापाशी. मूस दोघांनी उचलायची असते, लांब दांड्याच्या कड्यात धरून, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला, पावलाला पाऊल लावून. सार्पानचा एक डोळा निकामी आणि गुडघे त्याहून निकामी. तुकिजान म्हणाला, "मी लाकडाचा माणूस, मला यात घालू नका."

वार्सितो इतका वेळ आंब्याखाली एकटाच उभा होता. त्याने घड्याळ काढून रिस्मीच्या हातात दिलं, बापाचे जुने कातडी जोडे पायात चढवले आणि दांड्याच्या मागच्या टोकाला येऊन उभा राहिला. जोडे घट्ट होत होते. अठरा वर्षांपूर्वी बापाशी भांडून त्याने भट्टी सोडली, त्या दिवशी ते शेवटचे घातले होते.

"रंग बघ," कुंतारी म्हणाली. "तुझा डोळा माझ्यापेक्षा चांगला होता, बापाक म्हणायचे."

"मला कधी नाही म्हणाले."

"मला रोज म्हणायचे. कंटाळा यायचा."

वार्सितोने मुशीत बघितलं. पितळेवर हिरवट जाळ नाचत होता. हातांना आठवण असते, डोळ्यांनाही असते, हे त्याला तिथे उभं राहून कळलं, आणि बापाचा एवढा राग अठरा वर्षं आपण कशासाठी धरला, ते मात्र नीट आठवेना.

"अजून नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तारी, तुकिजान सांगून गेला त्या दिवशी मी विसरलो, की मी स्वतःला विसरू दिलं, ते माझं मलाच कळत नाही. खरंच कळत नाही."

कुंतारीने तोंडावरचं फडकं घट्ट केलं. तिचा राग गेला नव्हता. पण 'कळत नाही' हे शब्द तिने भावाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"ते नंतर बघू. आत्ता दांडा सरळ धर. धडपडलास तर दोघं भाजू."

"आता," वार्सितो म्हणाला.

त्यांनी मूस उचलली. पहिल्या दोन पावलांना ताळमेळ नव्हता, तिसऱ्याला जमला. सार्पान बाजूने "सावकाश, सावकाश" करत लंगडत होता. पितळ साच्यांत उतरलं, एकेका भोकाशी पिवळा थेंब फुगून थांबला. नऊ बिजागऱ्यांची अठरा पाती. एकही साचा फुटला नाही.

मग काय, घरच कामाला लागलं. साचे फोडले, पाती पाण्यात टाकली, आणि ज्याच्या हाताला जी कानस लागली ती त्याने घेतली. तुकिजान भोकं पाडत होता, वार्सितो खुंट्या ठोकत होता. रिस्मी नव्या कपड्यांसकट ओट्यावर बसून कडा घासत होती आणि पितळेचा चुरा तिच्या केसांत चमकत होता. "सोनं लागलंय बघा सूनबाईला," सार्पान म्हणाला. "घरी न्या, वितळवा." मुंतामाहने कढईपाशी उभ्या उभ्या सगळ्यांना आपेम भरवले, कारण कोणाचेच हात खाण्याजोगे नव्हते.

असरची अजान व्हायला थोडा वेळ असताना तुकिजानने उत्तरेचा तिसरा पल्ला खुंट्यांवर बसवला. कुंतारी या वेळी दोनशे पावलं चालून गेली होती. तिने एका बोटाने पल्ला ढकलला. तो गेला, भिंतीला हलकेच टेकला आणि राहिला. तिने ओढला, परत आला. मग तिने सगळी दारं पुन्हा एकेकदा उघडून बघितली, सहाही. तुकिजान म्हणाला, "झालं की ग आता!" तरी ती बघतच होती.

*

मोदिन पुढच्या ओसरीवर बसला तेव्हा घरातल्या बायका नेहमीप्रमाणे मागे, नक्षीच्या लाकडी पडद्याआड होत्या. कुंतारीने आंघोळ केली होती, पण नखांतली काजळी निघाली नव्हती. समोर चाळीसेक पुरुष, मध्ये भाताचा डोंगर, केळीची पानं. फटीतून तिला वार्सितोची फक्त पाठ दिसत होती. मशिदीतून येताना तो मोदिनशी काहीतरी बोलत होता, ते तिने पाहिलं होतं. काय बोलला ते विचारायचा तिला धीर झाला नव्हता.

मोदिनने घसा साफ केला. "शेजाऱ्यांनो, या घरचं म्हणणं तुमच्यापुढे मांडतो, ते ऐका आणि साक्षी राहा. पहिलं, कार्सिदीन यांना आज हजार दिवस झाले. त्यांची वाट उजेडाची असो."

"होय," पुरुष म्हणाले.

"दुसरं..." मोदिन थांबला. "वार्सितो, हे असंच म्हणायचं?"

"असंच."

"दुसरं, थोरला मुलगा वार्सितो सांगतो की उत्तरेच्या दारांच्या बिजागऱ्या चुकल्या, ती चूक त्याची. निरोप त्याच्याजवळ होता, तो त्याने पोचवला नाही. बहिणीची तो माफी मागतो आहे."

असं काही जेवणाआधी कोणी ऐकलंच नव्हतं, त्यावर होय म्हणायचं की नाही तेच कळेना. मग कोणीतरी "होय" म्हणालं, आणि मागून बाकीचे म्हणाले.

पडद्याआड रिस्मीने ओढणी तोंडावर ओढली. मुंतामाह भाताच्या टोपलीच्या कडेला बसली आणि उघडउघड रडायला लागली.

"तिसरं, मागच्या अंगणातली ओतकामाची भट्टी आजपासून कार्सिदीन यांची मुलगी कुंतारी हिची. फर्मे तिचे, नाव तिचं. ज्याला दार, खिडकी, पेटी, होडी, जे काही उघडायचं-मिटायचं असेल, त्याने तिच्याकडे यावं. तिच्या हाताला बरकत असो."

"होय," ओसरी एका आवाजात म्हणाली. त्यानंतर, सगळे गप्प झाल्यावर, म्हाताऱ्या सार्पानचा एकट्याचा आवाज घुमला, "होय! होय! अगदी होय!" आणि मोदिनसकट सगळे हसले.

कुंतारी हसली नाही. सहा वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन ती या घरात परत आली, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं होतं, किती दिवस आहेस? तेव्हापासून रोज भट्टी पेटवताना तिला तेच वाटायचं, किती दिवस. आज चाळीस माणसांनी तिचं नाव ऐकून होय म्हटलं होतं. तिला हुंदका आला आणि तो तिने दाबला नाही.

मुंतामाहने डोळे पुसले, एक पान ओढलं, त्यावर कोंबडीचा मोठा तुकडा ठेवला आणि लेकीपुढे सरकवला.

"जेव," ती म्हणाली. "मालकिणीने उपाशी राहून कसं चालेल?"